उंबरगव्हाणची उत्तर हद्द

उंबरगव्हाण नगरपंचायतीबद्दल रेवजी वसावेचं मत काय, हे कधी कुणाला विचारावं लागलं नाही. तळोद्याकडून येणाऱ्या जीपमधून कुणी मोहपाड्याच्या फरशीवर उतरला, की म्हातारा काठीवर हनुवटी टेकून सुरू व्हायचा. "पाहिलंत शहर? चार खताची दुकानं, एक बँक आणि बँकेच्या दारात बसलेल्या सहा म्हशी. झालं शहर! कमान बांधली म्हणून शहर होतं काय रे?" घरी तो हे भिलीत म्हणायचा, बाजारात अहिराणीत आणि कचेरीत मराठीत. शिव्या तेवढ्या तिन्हीकडे त्याच.

आणि त्याचं खोटं होतं असंही नाही. तीन गावं आणि पाच पाडे एका दोरीने बांधले आणि त्याला नगरपंचायत म्हणायला लागले, एवढंच काय ते झालं होतं. दक्षिणेला काळी सपाट जमीन. तिथे केळी, पपई, ऊस आणि पिकापेक्षा उंच बंगले. मध्ये बाजारपेठ. तिच्या मागे मुसलमान कारागिरांची गल्ली. उत्तरेला नाला, नाल्यावर फरशी म्हणजे ठेंगणा पूल, फरशीपलीकडे चढावर मोहपाडा. त्याच्यावर टेकडी आणि टेकडीपुढे सातपुड्याचं जंगल, ते थेट मोलगीकडे गेलेलं. सपाटीवरच्या लोकांना स्वतःच्या शेताचा बांध सोडला तर पुढचं काही ठाऊक नसे. रेवजीला सगळं तोंडपाठ. कुठला ओहोळ कुठे मिळतो, कुणाच्या आजाने कुठलं रान तोडून नांगर घातला, कुठल्या दगडाखाली विंचू निघतात, काय वाटेल ते विचारा. तो पाड्याचा पुजारा होता. शिवेवरच्या वाघदेवाची पूजा त्याच्या बापाने केली, आजाने केली, आता तो करत होता. शिव राखणाऱ्याला शिव ठाऊक असायलाच हवी, आणि ज्यांना ती ठाऊक नाही त्यांना रेवजी माणसात धरत नसे.

त्याचा सगळ्यात मोठा राग होता तो मोजणीवरचा. आठ वर्षांपूर्वी नगरपंचायत व्हायची होती तेव्हा दहा हजार डोकी हवी होती आणि ती काही केल्या भरत नव्हती. मग पुढाऱ्यांना पाडे आठवले! दिवाळीनंतर अर्धा पाडा ऊस तोडायला गुजरातेत जातो, घरांना कुलपं असतात, हे त्यांना बरोबर ठाऊक. म्हणून मोजणारे आले कधी, तर होळीच्या आदल्या दिवशी! होळीला डोंगरातला माणूस कुठेही असला तरी घरी येतो. ढोल वाजत होते, पोरं कमरेला घुंगरं बांधत होती आणि मास्तर लोक वही घेऊन दारोदार डोकी मोजत होते. चारशे बारा भरली. रेवजीने स्वतः प्रत्येक घर दाखवलं, पाळण्यातली पोरंसुद्धा उचलून दाखवली. उंबरगव्हाण दहा हजार तीनशे चौदा झालं. कमान बांधली, फटाके फोडले, आणि त्यानंतर आठ वर्षांत मोहपाड्यात नगरपंचायतीचं एक कुत्रंही फिरकलं नाही.

"डोकी मोजायला आम्ही चालतो," रेवजी म्हणायचा, "पाणी पाजायला चालत नाही. भडवे कुठले!"

पाण्याचं दुखणं खरं होतं. पाड्यातला हापसा तीन वर्षांपासून नुसताच उभा. दांडा हलवला तर हवा यायची. बायका नाल्यात उतरून वाळूत झिरा उकरायच्या आणि वाटीवाटीने घागर भरायच्या. रेवजीची बायको भुरीबाई साठीच्या पुढची. गेल्या उन्हाळ्यात घागर घेऊन चढ चढताना तिचा पाय घसरला, उजवं मनगट मोडलं आणि वाकडंच बसलं. तेव्हापासून ती डाव्या हाताने घागर उचलत होती. आता गावभर नळाची योजना आली होती, हद्दीतल्या घरटी एक नळ. भुरीबाईने दाराशी नळासाठी जागाही सारवून ठेवली होती. रेवजी वरवर म्हणायचा, "सारव, सारव, म्हशींना बसायला होईल." पण रोज सकाळी त्या जागेवर पडलेला पाला तोच उचलायचा.

पुसाच्या थंडीत, पाडा रिकामा असताना, जमिनीचे मोजणीवाले आले. तिकाटण्यावर यंत्र लावून दोन दिवस फिरले आणि गेले. रेवजीने त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. "होळीला डोकी मोजता, पुसात जमीन मोजता. लाजा कशा वाटत नाहीत?" एवढं मात्र ऐकवलं. होळी आली, पाडा भरला, ढोल वाजले, आणि होळीनंतर आठवड्याभरात गफूर पेंटर फटफटीला पत्र्याचा बोर्ड बांधून फरशीवर हजर झाला.

गफूरभाई म्हणजे बाजारामागच्या गल्लीतला. चाळीस वर्षं गावातल्या दुकानांच्या पाट्या त्यानेच रंगवल्या. फ्लेक्स आल्यापासून त्याला सरकारी बोर्डांशिवाय काम उरलं नव्हतं. त्याने वाघदेवाशेजारी खड्डा खणायला घेतला.

फरशीच्या काठावर, मोहाच्या झाडाखाली, वाघदेव होता. शेंदूर फासलेला गुडघाभर उंचीचा दगड, आणि त्याच्या मागे सागाचा खांब, त्यावर वाघ, चांद आणि सूर्य कोरलेले.

"काय लिहिलंय त्या पत्र्यावर?" रेवजीने विचारलं. चौथीपर्यंत शिकला होता, पण चष्मा नव्हता.

गफूरने वाचून दाखवलं. "उंबरगव्हाण नगरपंचायत. लोकसंख्या दहा हजार तीनशे चौदा. आणि खाले, हद्द समाप्त, धन्यवाद."

"समाप्त? इथे? आणि पाडा?"

"पाडा भायेर," गफूर म्हणाला.

"आणि ते दहा हजार तीनशे चौदा? त्यात आमचे चारशे बारा आहेत ना?"

"हाव ना. तुमले धरीसनच शे तो आकडा."

मग काय! रेवजीने काठी आपटली आणि मुख्याधिकाऱ्यापासून बँकेच्या दारातल्या म्हशींपर्यंत एकालाही सोडलं नाही. डोकी आत आणि घागरी बाहेर, असला हिशेब कुठल्या शाळेत शिकवतात म्हणाला. बोर्ड उपटून नाल्यात टाकीन म्हणाला. गफूरने खिशातून घडी केलेला कागद काढला.

"दादा, मन्हावर कसाले चिडस? माले जे सांगं ते मी लिखं. हाऊ देख, नगरपंचायत व्हयनी तवयना कागद शे. चारी बाजूनी हद लिखेल शे. दक्षिणले ऊसना कारखानाना रस्ता. उत्तरले..." त्याने बोट ठेवलं. "उत्तरले, वाघदेवनं स्थान. आते तूच सांग, वाघदेव आठेच शे ना?"

रेवजीने काठी उचलली. ज्याची जीभ मेल्यावरच थांबेल असं गावात म्हणत, तो म्हातारा काही न बोलता घराकडे वळला. गफूर बघतच राहिला.

कारण वाघदेव तिथला नव्हताच. तो होता वर टेकडीच्या डोक्यावर, पाड्याच्या पलीकडे, जंगलाच्या तोंडाशी. पिढ्यानपिढ्या तिथेच होता आणि कागदात लिहिलं तेव्हाही तिथेच होता. त्याला खाली आणला तो रेवजीने, सहा वर्षांपूर्वी. आणि का आणला? तर गुडघे! दरवर्षी पावसाच्या तोंडाशी ती टेकडी चढायची, कोंबडं न्यायचं, मोहाची दारू न्यायची, शेंदूर न्यायचा, दोन तास पूजा करायची आणि उतरताना गुडघ्यांनी बोंब मारायची. सरळ सांगितलं असतं की बाबांनो मला चढवत नाही, तर पाड्याने दुसरा पुजारा केला असता. ते याला कुठे परवडणार? कोंबड्याची पहिली तंगडी पुजाऱ्याची, लग्नात पहिला मान पुजाऱ्याचा. तेव्हा रेवजीने सगळ्यांना गोळा केलं आणि सांगितलं की देव स्वप्नात आला होता. म्हणाला, वर वणवा लागतो, माझा खांब भाजतो, मला खाली सावलीत घे.

ढोल वाजवत देव खाली आला. शिवाय त्या दिवसापासून रेवजी देवाशी बोलणारा माणूस झाला. म्हैस हरवली, पोरगी रुसून माहेरी आली, कुठल्या दिवशी पेरायचं, लोक त्याला विचारायला लागले आणि तोही डोळे मिटून सांगायला लागला. सहा वर्षं गावातल्या प्रत्येक लबाडाची सालटी काढणाऱ्या या माणसाला स्वतःच्या लबाडीची कधी आठवणही झाली नाही. खोटं पचलं की माणसाला ते खरंच वाटायला लागतं, दुसरं काय!

दुसऱ्या दिवशी तो कचेरीत गेला. मुख्याधिकारी नवीन होता, तरणाबांड, इस्त्रीचा शर्ट. कागद लिहिला तेव्हा देव वर टेकडीवर होता, एवढंच रेवजीने सांगितलं. साहेबाने नकाशा उघडला, कागद वाचला आणि हसू दाबत विचारलं, "आजोबा, मला एकच सांगा. देव स्वतः खाली आला, की कुणी आणला?"

"म्हणजे?"

"म्हणजे असं. माणसाने हलवला असेल, तर हद्दीची खूण चुकून हलली. पाड्यातल्या पाच जाणत्यांनी पंचनाम्यावर तसं लिहून द्यावं, दगड जागेवर न्यावा, मी हद्द पुन्हा वर धरतो. पाडा आत, नळ आत. पण देव स्वतःच्या इच्छेने आला असं गाव म्हणत असेल, तर ते त्याचं नवीन स्थान झालं. देवाच्या इच्छेवर मी हरकत कशी घेऊ?" शेजारचा कारकून खो खो हसला. "शुक्रवारपर्यंत पंचनामा आणा. शनिवारी पाइप टाकणाऱ्यांना यादी जाते."

रेवजी परत आला तो मनातल्या मनात साहेबाच्या शर्टाला शिव्या घालत. बाकी कशालाही शिव्या घालायला जागाच उरली नव्हती.

गुरुवारी दुपारी मोहाखाली पाडा जमला. वाघदेव समोर, त्याच्या शेजारी गफूरने रोवलेला बोर्ड. जाणत्यांमध्ये नवलसिंग पहिला. त्याचं आणि रेवजीचं लहानपणापासून वाकडं. रेवजीने साहेबाची अट सांगितली, पण अर्धीच. दगड वर न्यायचा आणि पंचनाम्यावर अंगठे द्यायचे, बस.

"लिहायचं काय?" नवलसिंगने विचारलं.

"लिहायचं की माणसाने हलवला."

"आणि देव स्वप्नात आला होता त्याचं काय? देव म्हणाला खाली ने, आम्ही नेला. आता नळासाठी देवाला खोटं पाडू? पाऊस नाही झाला तर तू जबाबदार?"

माना हलल्या. नवलसिंग चूक बोलत नव्हता, आणि रेवजीला हेच सगळ्यात जास्त झोंबलं. मग त्याने काय करावं? घसा खाकरला, डोळे मिटले आणि म्हणाला, "ऐका. काल रात्री देव पुन्हा स्वप्नात आला. म्हणाला, रेवजी, फरशीवर जीपांचा धूर लागतो. मला परत वर ने."

बायकांच्या घोळक्यातून भुरीबाई उठली. वाकडं मनगट पदराखाली धरून ती पुढे आली.

"काल रात्री?" ती म्हणाली. "अरे डोसा, म्हाताऱ्या, काल तू झोपलास कधी? गुडघे धरून रात्रभर कण्हत होतास. चार वेळा मी तेल चोळलं. झोपलाच नाहीस तर स्वप्न पडलं कुठे?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. रेवजीने भुरीबाईकडे बघितलं. तिच्या नजरेत चीड नव्हती. ती नुसती वाट बघत होती, आणि त्याला एकदम घरासमोरची ती सारवलेली जागा आठवली. आपल्या अडाणी हट्टापायी ही डोसी मरेपर्यंत डाव्या हाताने घागर वाहणार, एवढं त्याला कळलं. इतकी लाज त्याला आयुष्यात वाटली नव्हती.

"नाही आला," तो म्हणाला.

"काल नाही आला?" नवलसिंगने विचारलं.

"कालही नाही आणि तेव्हाही नाही. कधीच नाही आला. मला टेकडी चढवत नव्हती. पुजारपण सोडवत नव्हतं. म्हणून मी देव खाली आणला. देवी याहा मोगीची आण, हेच खरं. लिहा काय लिहायचं ते."

अरे, मग काय विचारता! ज्या माणसाने सगळ्या मुलखाला तोंडावर नावं ठेवली, त्याला नावं ठेवायची संधी चारशे बारा जणांना एकदम मिळाली. लबाड, ढोंगी, कोंबड्याच्या तंगडीसाठी देव विकला, काय काय म्हणाले. कुणी त्याच्या काठीवरून बोललं, कुणी त्याच्या बापावरून. नवलसिंग तर उभा राहून म्हणाला, "सहा वर्षं याने आम्हाला मूर्ख बनवलं!" पुजारपण तिथल्या तिथे काढून घेतलं आणि नवलसिंगला दिलं. दंड ठरला की खांब चौघांनी न्यावा, पण दगड रेवजीनेच पाठीवर न्यावा.

नेला. शुक्रवारी सकाळी, दगड गोणपाटात बांधून पाठीवर घेऊन रेवजी टेकडी चढला. तीनदा बसला. पोरं मागून ढोल वाजवत होती आणि मुद्दाम हळू वाजवत होती. भुरीबाई शेवटपर्यंत मागे चालत होती, पण हात लावला नाही. वर नवलसिंगने पूजा केली, कोंबड्याची पहिली तंगडीही त्यानेच खाल्ली. पाच अंगठे उमटले. साहेबाने पंचनामा घेतला, बोट फिरवून वाचला आणि पुन्हा एकदा हसला. गफूरने फरशीवरचा बोर्ड उपटून टेकडीवर रोवला. आकडा तोच राहिला, दहा हजार तीनशे चौदा, तो कुणी बदललाच नव्हता.

पाऊस संपता संपता नळ आला. सारवलेल्या जागेवर तोटी उभी राहिली, आधी खोकली, मग गढूळ थुंकली आणि मग स्वच्छ पाणी आलं. भुरीबाईने डाव्या हाताने तांब्या भरला आणि ओट्यावर बसलेल्या रेवजीपुढे ठेवला. तो आता फरशीवर जात नसे. जीपमधून उतरणाऱ्यांना उंबरगव्हाणबद्दल सांगणारं कुणी उरलं नव्हतं.

"पी," ती म्हणाली.

"तुला राग नाही आला?" त्याने विचारलं. इतक्या महिन्यांत तो पहिल्यांदाच स्वतःहून बोलला होता. "सहा वर्षं खोटं बोललो मी. तुलाही फसवलं."

भुरीबाई त्याच्याशेजारी बसली आणि पदराने मनगट चोळायला लागली.

"फसवलं कुणाला? तू स्वप्न सांगितलंस त्या दिवशीच मला कळलं. वणव्याला भिणारा वाघदेव कुठे असतो? तक्रार तुझ्या गुडघ्यांची होती."

"मग बोलली का नाहीस?"

"पूजेचं पाणी त्या टेकडीवर कोण नेत होतं? मीच ना. मलाही चढायचं नव्हतं. कुणालाच चढायचं नव्हतं रे. सगळ्या पाड्याला ठाऊक होतं. देव खाली न्यायचा ठरला, तेव्हा दगडाला पहिला हात कुणी लावला, आठवतं का?"

रेवजीला आठवलं. तोच, मान ताठ करून वर पूजा करणारा नवलसिंग. "चला, चला, देवाची इच्छा आहे," म्हणत सगळ्यांच्या पुढे तोच धावला होता.

म्हाताऱ्याने तांब्या तोंडाला लावला, पाणी प्यायला आणि खूप दिवसांनी एक शिवी हासडली. ती नेमकी कुणाला होती, ते भुरीबाईने विचारलं नाही. ती उठली आणि घागर नळाखाली लावायला गेली.